गोठलेलं विरजण

"आग! मॅडम, आग लागलीय तुमच्या गाडीला! उतरा... आधी उतरा!"

सातपूरच्या सिग्नलला माझ्या शेजारच्या बाईकवरचा माणूस असा ओरडला, आणि मी तोंड उघडायच्या आत त्याने स्वतःची पाण्याची बाटली माझ्या स्कूटीवर पायाशी ठेवलेल्या थर्माकोलच्या खोक्यात उपडी केली. खोक्याचं झाकण स्पीडब्रेकरवर आपटून कोपऱ्यात फुटलं होतं, तिथून पांढरा धूर निघत होता, एवढं मला माहीत होतं. पण पाणी पडल्यावर जे झालं, ते सातपूरने कधी पाहिलं नसेल. भसाभस पांढरे ढग. माझे पाय दिसेनात, स्कूटी दिसेना, मागचा रिक्षावाला खोकायला लागला.

"झालं समाधान?" मी ढगातूनच विचारलं.

"मॅडम... आग वाढलीय."

"आग नाहीये ती. कोरडा बर्फ आहे. पाणी टाकलं की असाच उसळतो."

ढग विरळ झाले आणि तो दिसला. निळा शर्ट, वाऱ्याने विस्कटलेले केस, हातात रिकामी बाटली. एक क्षण त्याने लाजून डोळे मिटले, आणि मग हसायलाच लागला. स्वतःला. मोठ्याने, मनापासून. मी रागवायचं ठरवलं होतं... ते तिथेच राहिलं.

"एवढ्या बर्फात काय नेताय? आईस्क्रीम?"

"जंतू."

त्याने बाईक पायानेच वीतभर मागे ढकलली.

"चांगले आहेत हो. दह्याचे. डेअरीवाल्यांना लागतात."

त्याचं हसू गेलं. एकदम, बटण बंद केल्यासारखं. "दह्याचे? गोठवलेले... आणि तरी जिवंत?"

"नीट गोठवले तर."

"आणि नीट गोठवले नसतील तर?"

सिग्नल हिरवा झाला होता, मागून हॉर्नचा कल्लोळ चालला होता, आणि हा माणूस माझ्या उत्तरासाठी तिथेच उभा. कोणी उगाच विचारतंय की कोणाचा जीव टांगणीला लागलाय, हे मला चेहऱ्यावरून कळतं. मी म्हटलं, "मागे या माझ्या. त्या निळ्या गेटच्या आत आमची लॅब आहे."

मी हर्षाली. मायक्रोबायॉलॉजी शिकले आणि दह्या-ताकाच्या जंतूंमध्ये रमले. नाशिकच्या सातपूरमधल्या आमच्या छोट्या लॅबमध्ये ते वाढवायचे, गोठवायचे आणि डेअऱ्यांना पोचवायचे, हे माझं काम. घर एकलहऱ्याला, वडील तिथल्या वीज केंद्रात. काम मला येतं, आणि येतं हे मला माहीत आहे, म्हणून त्या दिवशी समोर बसलेल्या रविराज सांगळेला मी सरळ म्हटलं, "सांगा, काय मारून ठेवलंत?"

त्याने सांगितलं. सिन्नरला त्यांचं दह्याचं दुकान. दही लावायची आई, मैनाबाई. मातीच्या गाडग्यातलं, सुरीने कापावं असं दही. पुण्याला जाणाऱ्या गाड्या मुद्दाम थांबायच्या. वडील तो शाळेत असतानाच गेले, घर त्या दह्यावर उभं राहिलं. आता आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नाशिकला झालेलं, आणि चालायला लागेपर्यंत ती नाशिकरोडला मावशीकडे राहणार. आईजवळ थांबता यावं म्हणून त्याने काही दिवस दुकान बंद ठेवलं. आणि तिचं विरजण खराब होऊ नये म्हणून डबा आईस्क्रीमच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवून दिला.

"फ्रीझरमध्ये सगळं टिकतं, असं वाटलं मला."

"आणि लाइट?"

"जायची... यायची."

मी कपाळाला हात लावला. "सावकाश गोठवलं की पाण्याच्या सुया होतात. बारीक, टोकदार. त्या जंतूंच्या अंगाला भोकं पाडतात. आम्ही आधी त्यांना ग्लिसरीन देतो आणि झटक्यात थंड करतो, म्हणजे सुयांना वाढायला वेळच मिळत नाही. तुमचं सगळं उलटं झालं. वरून लाइट गेली की वितळलं, आली की परत गोठलं. दर वेळी आणखी थोडे मेले."

"आता दूध नुसतं नासतं. दही लागतच नाही." तो खाली बघत होता. "आई रोज फोनवर विचारते, दही कसं लागतंय. मी म्हणतो, झकास."

"डबा संपला?"

"अर्धा आहे. अजून फ्रीझरमध्येच."

"उद्या घेऊन या. आणि वाटेत वितळू देऊ नका."

दुसऱ्या दिवशी तो डबा गोणपाटात, गोणपाट बर्फात आणि बर्फ आणखी एका गोणपाटात गुंडाळून आला. पूजा, माझी लॅबमधली मैत्रीण, म्हणाली, "एवढं जपून तर नवरीला पण आणत नाहीत." मी तिच्याकडे बघितलं नाही.

तो गोळा मी थोडा-थोडा फोडून छोट्या बाटल्यांत भरला आणि कोमट पाण्यात धरून पटकन वितळवला.

"हळू नाही करायचं?" रविराजने विचारलं. "बिचारे एवढे थंडीतून आलेत."

"हळू केलं की छोट्या सुया एकमेकींना चिकटून मोठ्या होतात. गोठताना पटकन, वितळताना त्याहून पटकन. मग मात्र आराम." मी बाटल्यांत उकळून कोमट केलेलं, जरा दाट दूध घातलं. "जखमी आहेत. आज त्यांना काही काम सांगायचं नाही. नुसतं खायचं आणि पडून राहायचं."

"आईला डॉक्टर हेच म्हणतात. ती ऐकत नाही."

"हे ऐकतील. ह्यांना पळून जाता येत नाही."

तो हसला, आणि उगाचच, कारण नसताना, चहाच्या वेळेपर्यंत थांबला.

दोन-तीन खेपा फुकट गेल्या. पण एका सकाळी एक बाटली उलटी केली आणि दूध सांडलं नाही. लागलं होतं! मी फोन केला, तो सिन्नरहून वाऱ्यासारखा आला. हेल्मेट न काढताच त्याने चमचा तोंडात घातला... आणि त्याचा चेहरा उतरला.

"दही आहे. पण आईचं नाही. नुसतंच गुळमट... त्याला धार नाही."

मी काच तयार केली आणि त्याला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. "काय दिसतंय?"

"माळा. मण्यांच्या माळा."

"बरोबर. आता काड्या शोधा."

"...नाहीयेत."

"तेच. तुमच्या दह्यात दोघं असायला हवेत. मणीही आणि काड्याही. एकमेकांच्या आधाराने वाढतात ते. मणी चिवट, वाचले. काड्यांना थंडी सोसत नाही. धार आणायचं काम त्यांचं होतं."

तो डोळा लावूनच बसला. मी नीट दिसावं म्हणून चकती फिरवायला हात पुढे केला, त्यानेही केला. बोटांवर बोटं आली. दोघांपैकी कोणीच लगेच हात काढला नाही.

"एकटं राहिलं की असं अळणी होतं का सगळं?" त्याने विचारलं, अजून काचेतच बघत.

"मी एकटीच आहे. मी अळणी वाटते तुम्हाला?"

"छे. तुम्ही... जरा जास्तच आंबट."

पूजाला ठसका लागला. मी त्याला बाहेर काढलं, पण बाहेर काढताना मीही हसत होते.

त्या संध्याकाळी घरी आई भाजीवालीला वाटीत विरजण देत होती, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी फोन लावला. "तुमच्या आईकडे विरजण मागायला कोण-कोण यायचं?"

"अख्खं सिन्नर. आई कोणाला नाही म्हणायचीच नाही."

"मग त्यातल्या एखादीकडे तरी ते अजून चालू असेल! रविवारी शोधायचं?"

रविवारी संध्याकाळी मला बघायला पुण्याचे पाहुणे येणार होते, ह्याची आईने मला फोन ठेवल्यावर आठवण करून दिली. म्हटलं, दुपारपर्यंत येते.

रविवार सगळा त्याच्या बाईकवर गेला. एका घरी आता पिशवीतलं दही आणतात. दुसऱ्या घरी सुनेने तीन ठिकाणची विरजणं एक करून टाकलेली. तिसरीकडे दही छान आंबट होतं, आम्ही दोघं एकमेकांकडे बघून उजळलो, तेवढ्यात आजीबाई म्हणाल्या, "लिंबू पिळते मी दुधात." रविराजने परत हेल्मेट चढवलं, आणि मी मागे बसून इतकी हसले की बाईक डुलायला लागली.

सिन्नर मागे टाकून एका वस्तीकडे निघालो आणि आभाळ भरून आलं. वारा सुटला, धूळ उडाली, आणि टप्... हेल्मेटवर काहीतरी आदळलं. मग दुसरं. मग पत्र्यावर खडे ओतावेत तशा गारा. समोर कांदे साठवायची एक चाळ दिसली, त्याने बाईक सरळ तिकडे वळवली. धावताना त्याने स्वतःचं हेल्मेट काढून माझ्या डोक्यावर ठेवलं होतं, हे मला आत गेल्यावर कळलं. त्याच्या कपाळावर छोटंसं टेंगूळ आलं होतं.

"दाखवा."

"काही नाही हो." त्याने पायाशी घरंगळलेली एक गार उचलून तोंडात टाकली.

"त्यातही जंतू असतात, माहितीये? काही जंतूंभोवती पाणी पटकन गोठतं. ढगात गार धरते, त्यात त्यांचाही हात असतो."

त्याने गार थुंकली. "तुमच्याबरोबर माणसाने खायचं तरी काय?"

बाहेर सगळं पांढरं झालं होतं. आत कांद्याचा उग्र वास, पत्र्यावरचा दणदणाट, आणि आम्ही इतके जवळ उभे की त्याच्या ओल्या शर्टाची थंडी मला जाणवत होती. का कोण जाणे, मी म्हटलं, "आज संध्याकाळी मला बघायला पाहुणे येणार आहेत."

तो वळला. पापण्यांवर पाण्याचे थेंब. "मग तू इथे काय करतेयस?"

तू. त्याच्याही लक्षात आलं. त्याने ते परत घेतलं नाही.

"काड्या शोधतेय," मी म्हटलं. "तुझ्या."

तो काहीतरी बोलणार होता... पण चाळीची मालकीण कुसाबाई डोक्यावर घमेलं धरून आत शिरली. आधी कांद्यावर ताडपत्री ओढायला लागली, आम्हीही हात लावला. मग तिने आम्हाला नीट न्याहाळलं. "मैनाबाईचा ना तू? तिला दूध घालायचे मी. हितं काय करतो गारांत?"

त्याने सांगितलं.

"मैनाचं इरजण पायजे? मंग गावभर कशाला हिंडता? गुलजारबीकडं जा ना. ती दुसरं लावतच नाय!"

गुलजारबी सिन्नरातच राहायची, रविराजच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत. आम्ही पार भिजलेले, तिने आधी टॉवेल दिला आणि मग ऐकून घेतलं. "बेटा, माझ्या घरचं दही म्हणजे तुझ्या आईचंच. आमच्या साहेबांना दुसरं चालत नाय. रोज लावते, एक दिवस चुकत नाय." तिने झाकणाची वाटी कापडात बांधून दिली आणि थोडं दही आमच्या तळहातांवर घातलं. रविराजने ते चाटलं. मान फिरवून भिंतीकडे बघत राहिला. मीही चाखलं. धार होती. जिभेच्या कडेला झिणझिणी आणणारी, स्वच्छ धार.

एकलहऱ्याला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. फाटकाबाहेर पुण्याची गाडी उभी होती. दारात चपलांची रांग. रविराजने ते सगळं पाहिलं, माझ्या हातात वाटी दिली आणि म्हणाला, "जा. उशीर झालाय तुम्हाला."

तुम्हाला. मी काही बोलायच्या आत बाईक वळलीसुद्धा.

मी आत गेले ती चिखलाने माखलेली, केसांत कांद्याची सालं आणि हातात दह्याची वाटी. पाहुण्या बाईंनी विचारलं, "हे काय, बाळ?"

"विरजण," मी म्हटलं, आणि आधी ते फ्रिजमध्ये ठेवून आले. खालच्या कप्प्यात.

मुलगा चांगला होता, म्हणून त्याला ताटकळत ठेवायला नको वाटलं. आम्हाला दोघांनाच बोलायला गॅलरीत पाठवलं तेव्हा मी सांगून टाकलं. "मला एक जण आवडतो. आजच नक्की कळलं."

तो जरा थांबला, मग म्हणाला, "पोहे तरी खाऊन जाऊ ना?" आणि खरोखर दोन वेळा घेतले.

आई रात्रभर गाल फुगवून होती. बाबांनी सकाळी ड्यूटीला निघताना एवढंच विचारलं, "त्याला माहीत आहे का?"

"अजून नाही."

"मग आमच्याशी भांडण्याआधी त्याला सांग."

पण रविराज लॅबमध्ये यायचा थांबला. फोनवर मेसेज तेवढा आला, 'काम झालं की कळवा, मॅडम.' मॅडम! मी रागाने कामाला लागले. गुलजारबीच्या दह्यातून काड्या निघाल्या, लांबसडक, तरतरीत. त्याच्या डब्यातल्या वाचलेल्या मण्यांशी त्यांची गाठ घालून दिली. पहिल्याच सकाळी दही असं लागलं, की पूजाने सुरी आणून वडी पाडली. त्यातलं थोडं ग्लिसरीन घालून इवल्या कुप्यांत भरलं, उणे ऐंशी अंशांत झटक्यात गोठवलं, आणि एक कुपी परत वितळवून पाहिली. सगळे जागे! म्हणजे सिन्नरला पुन्हा कितीही वेळा लाइट गेली, तरी चिंता नव्हती; राखीव विरजण आमच्या लॅबमध्ये होतं.

मग त्या ताज्या दह्याचं गाडगं घेऊन मी सिन्नरची एसटी पकडली. कळवायचं ते समोर जाऊन कळवणार होते.

दुकानात गल्ल्यापाशी एक बाई बसल्या होत्या, शेजारी वॉकर. मैनाबाई घरी आल्या होत्या. मागे रविराज, हातात दुधाची किटली. मला बघून किटली तशीच अधांतरी राहिली.

"या ना, बाई," मैनाबाई म्हणाल्या. "दही नाय आज. पोरगं म्हणतं दूध चांगलं नाय मिळत."

मी त्याच्याकडे बघितलं.  खोटं मी बोलणार नव्हते, आणि खरं त्याच्या वतीने सांगणारही नव्हते. त्यालाही ते कळलं. त्याने किटली खाली ठेवली, आईसमोर उकिडवा बसला आणि सगळं सांगितलं. फ्रीझर, लाइट, फोनवरचं झकास, सगळं.

मैनाबाई ऐकत राहिल्या. चेहऱ्यावर काहीच नाही. मग माझ्याकडे हात केला. "दे इकडं."

एक चमचा. डोळे मिटले. रविराज चमच्याकडे बघत उकिडवाच बसलेला.

"माझंच हे," त्या म्हणाल्या. "गुलजारकडून आणलं ना?"

"तुला कसं कळलं?"

"मंग दुसरीकडं कुठं राहणार ते? आरं, माझं दोनदा गेलंय. तुझा बाप गेला त्या वर्षी दुधाकडं बघायचं पण भान नव्हतं मला. सगळं इरजण किडलं. तवा गुलजारनंच वाटी आणून दिली, म्हणली, मैना, ऊठ, दही लाव." त्यांनी त्याच्या डोक्यावर टपली मारली. "इरजण मरतं रे, शेजारीण असली की परत येतं. पण तू माझ्याशी खोटं बोलला, ते मला लय लागलं."

त्याने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. भर दुकानात. एक गिऱ्हाईक आलं होतं, ते तसंच पायरीवर थांबलं.

थोड्या वेळाने तो मला सोडायला रस्त्यापलीकडच्या एसटीच्या थांब्यापर्यंत आला. पुण्याकडच्या ट्रकांची धूळ उडत होती. 

"तुमचं..." त्याने घसा साफ केला, "तुमचं लग्न कधी मग?"

"कोणाशी?"

"त्या दिवशीचे पाहुणे..."

"ते पोहे खाऊन गेले. मी मुलाला सांगितलं, मला दुसरा एक आवडतो."

"अच्छा." तो बुटाने रस्त्यावरचा खडा ढकलत राहिला. "कोण... आहे?"

"सिन्नरचा आहे. दही विकतो. चांगला आहे, आईला घाबरतो. पण मला परत तुम्ही म्हणायला लागलाय, म्हणून जरा विचार करतेय."

खडा तिथेच राहिला. त्याने वर बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे काही उमटत गेलं, ते मी अजिबात घाई न करता, अगदी सावकाश बघून घेतलं.

"हर्षाली."

"हं."

"तू... माझ्याशी लग्न करशील?"

"आधी आमच्या घरी यायचं. बाबा विचारतील त्याची उत्तरं द्यायची. आई रुसलीय, तिला हसवायचं. जमेल?"

"जमेल." मग जरा थांबून, भुवया उंचावत, "पण उत्तर नाही दिलंस तू."

"हो," मी म्हटलं. "हो. केव्हाचं हो."

दुकानातून मैनाबाईंचा आवाज आला, "रवी! त्या पोरीला उपाशी धाडतो का? भाकरी टाकायला सांगितलीय म्हणावं!"

समोरून नाशिकची एसटी आली. कंडक्टरने दारातून वाकून माझ्याकडे बघितलं, यायचंय का म्हणून. मी नाही म्हणून मान हलवली, आणि रविराजचा हात धरून दुकानाकडे रस्ता ओलांडला.